काळ्या रानात कोणती गाडी?

चाकोरी : साप्ताहिक सदर

धाराशिव जिल्ह्यात बर्फावरून गाडी हाकायची वेळ आली ती २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. गारपिटीनं मराठवाड्याचं कंबरडं मोडलं होतं. ज्वारी आडवी, द्राक्षबागा भुईसपाट, आणि काही भागांत जमिनीवर गारांचा असा थर की पाय टेकवावा तर पायच घसरावा. तेवढं सोडलं तर आपल्याकडे बर्फ असतो तो रसवंतीवर, भुशाच्या पोत्यात. तरीही दिवाळी सरली की पारावर आणि पंक्चरच्या दुकानात एक चर्चा हमखास रंगते : मनालीला न्यायला कोणती गाडी बरी? थार घ्यावी का? फोर बाय फोरच पाहिजे का? चर्चा करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची गाडी त्याच पावसाळ्यात स्वतःच्या शेतातून ट्रॅक्टरनं ओढून काढलेली असते. तो विषय मात्र कुणी काढत नाही.

माझं म्हणणं असं की घसरणीवर कोणती गाडी चालते हे कळायला हिमाचलात जायला नको. सीनाकाठचं किंवा मांजराकाठचं काळं रान पुरेसं आहे. दोन चांगले पाऊस होऊ द्या आणि मग बांधापर्यंत गाडी घालून दाखवा.

ही माती म्हणजे लाव्हाच्या काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची झीज. तिच्यात चिकणमातीचा अंश मोठा, आणि त्यातही माँटमोरिलोनाइटच्या जातीचं खनिज. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की हात जाईल एवढ्या भेगा. ओल धरून ठेवण्याच्या या गुणामुळेच आपली रब्बीची ज्वारी पावसाचं फारसं तोंड न बघता दाणा भरते. आणि याच गुणामुळे भर पावसात त्या रानातून अल्टोही जात नाही अन् फॉर्च्युनरही जात नाही. बालाघाटाच्या माळावर गोष्ट वेगळी. तिथं माती वीतभर आणि खाली मुरूम. चाक रुततं, पण खाली कशाला तरी टेकतं. म्हणून माळावर अरुंद टायरची जुनी जीप निघून जाते आणि रुंद टायरची नवी गाडी वरच्या वर तरंगत राहते. पातळ बर्फातही अरुंद टायर खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो, तो याच हिशेबानं. नदीकाठी मात्र टेकायला खाली काही नाही.

चिखल तुडवणं या जिल्ह्याला नवं नाही म्हणा. तेरच्या गोरोबाकाकांची कथाच चिखल तुडवण्यावर उभी आहे. पण त्यांना कुठं पोचायचं नव्हतं. आपल्याला सोयाबीन बाजारात पोचवायचं असतं.

शोरूममध्ये पहिली गोष्ट सांगतात ती ग्राउंड क्लिअरन्स. उंची कामाची आहे, खालून दगड लागत नाही, दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर गाडीचं पोट टेकत नाही. पण घसरणाऱ्या चाकाला उंचीनं काही पकड मिळत नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्ही दोनच चाकांच्या जोरावर चालतात. क्रेटाची ताकद पुढच्या चाकांना जाते, बोलेरोची मागच्या. आणि साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला विरोध कमी तेच फिरतं. डावं चाक चिखलात गरगरत असतं, उजवं कोरड्यावर असून ढिम्म. पंधरा-वीस लाखांची गाडी त्या क्षणी एका चाकाची झालेली असते, आणि तेही चुकीच्या. जाणते चालक अशा वेळी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा हँडब्रेक एक-दोन दात ओढतात, म्हणजे गरगरणाऱ्या चाकाला थोडा अटकाव होतो आणि थोडा जोर दुसऱ्याकडे जातो. अडाणी चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी ॲक्सलपर्यंत पुरून घेतो.

वजन कुठं आहे, हा दुसरा प्रश्न. रिकामी पिकअप चिखलात मागून नाचते, कारण चालणारी चाकं मागं आणि वजन सगळं पुढं. म्हणून रानात जायचं तर हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, खताची चार पोती टाकायची. पोती परत आली तरी चालतील. छोट्या गाड्यांचं उलट आहे. इंजिन पुढं, चालणारी चाकंही पुढं, त्यामुळे सपाटीला त्या बिचाऱ्या बोलेरोलाही मागं टाकतात. ओढ्याचा चढ लागला की वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी पडतात. तोच चढ रिव्हर्समध्ये घेणारे लोक आहेत. दिसायला हसू येतं, पण गाडी वर जाते.

मग फोर बाय फोर? चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते, यात वाद नाही. पण ती निघण्यापुरतीच चार चाकांची असते. थांबायची वेळ आली की प्रत्येक गाडीला चारच चाकं आणि चारच ब्रेक. तिथं थार आणि वॅगनआर एकाच पंगतीला. तिथं निकाल लावतो तो टायर. मनालीत बर्फ पडला की प्रशासन फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढं सोडतं, आणि साखळ्या लावलेली साधी अल्टो गुळगुळीत टायरच्या मोठ्या गाडीशेजारून निघून जाते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा. तिथं १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. फोर बाय फोर घ्या असं कायदा सांगत नाही. आपल्याकडे उलटा कारभार. गाडीवर लाखभराचे क्रोमचे दांडे चढवतील आणि टायर मात्र खाचेतल्या खुणेची पट्टी घासून जाईपर्यंत पळवतील. ती पट्टी १.६ मिलिमीटरची असते. नक्षी घासून तिच्या बरोबरीला आली की टायर संपला, भले वरून चकाकत असो.

ज्याला आपल्याकडचा खरा बर्फ म्हणावा तो रानात नाहीच, डांबरावर आहे. रानातून निघालेला ट्रॅक्टर पाटीवर येतो, चाकांच्या दातऱ्यांतून काळ्या मातीची ढेकळं शंभर-दोनशे फूट सांडत जातो. ऊन असलं तर ती चुरून धूळ होतात. भुरभुर पाऊस आला की त्यांचा पातळ लेप होतो, आणि त्यावर ब्रेक दाबला की गाडी साबण लावलेल्या फरशीवरून निघाल्यासारखी सरळ समोर जाते. एबीएसमुळे चाकं जाम होत नाहीत, स्टिअरिंग हातात राहतं. पण गाडी कमी अंतरात थांबेल, हा भरवसा तिथं धरू नये. ऊसतोडीच्या हंगामात अवकाळी आली की कारखान्याच्या वाटेवर हेच. तिथं वेग कमी करण्यापलीकडे कोणत्याही कंपनीकडे उपाय नाही.

दुचाकीवाल्यांनी यातून आपली वाट कधीच काढली आहे. काळी माती पुढच्या चाकाला गुंडाळत जाते, मडगार्ड आणि टायर यांच्यामधली बोटभर जागा भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. चालणारी गाडी उभ्या जागी जाम. मग तुराटीनं, नाहीतर चपलेच्या टाचेनं, माती कोरत बसायचं. दहा पावलांवर पुन्हा तेच. म्हणून पावसाळ्यात कित्येक जण स्प्लेंडरचं पुढचं मडगार्डच काढून ठेवतात. तोंडावर चिखल उडतो, पण गाडी घरी येते. एवढा सरळ विचार मोटारी घेताना आपण करत नाही.

मोठ्या गाडीचा आणखी एक तोटा आहे, तो शोरूमवाला सांगणार नाही : तिच्यामुळे धाडस वाढतं. पुलावरून पाणी जात असताना छोट्या गाडीवाला थांबतो, उंच गाडीवाला घालतो. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलू शकतं, दोन फूट असलं तर बहुतेक सगळ्याच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा परंडा तालुक्यातल्या गावांतून माणसं काढायला बोटी आणि हेलिकॉप्टर लागले होते. त्या पाण्यात कोणाच्या दारात कोणती गाडी उभी होती, याला काही अर्थ उरला नव्हता.

तर कोणती घ्यावी? ज्याचं रान डांबरापासून लांब आहे आणि ज्याला बारा महिने जावं लागतं, त्यानं खरी फोर बाय फोर घ्यावी, जिमनी घ्या नाहीतर थारची फोर बाय फोरवाली. थारमध्ये दोन चाकांवर चालणारीही मिळते, नाव बघून फसू नका. बाकीच्यांनी, म्हणजे शंभरातल्या नव्वदांनी, साधी गाडी घ्यावी, टायर चांगले ठेवावेत, आणि पाऊस लागून असेल तर गाडी डांबरावर ठेवून चालत जावं. वापसा आल्याशिवाय आपण पाभर रानात घालत नाही, मग गाडीच का घालावी?

आणि एक हिशेब गावानं मांडावा. एकाच शिवारातल्या दहा जणांनी चिखलाच्या धास्तीनं आठ-आठ लाख जास्तीचे मोजून उंच गाड्या घेतल्या, तर ऐंशी लाख झाले. एवढ्यात त्या सगळ्यांच्या पाणंदीवर मुरूम आणि खडी पडून वर पैसे उरतील. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्त्यांची योजना आहेच. वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे, तहसीलदाराकडे दाद मागता येते. फक्त अर्ज उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात केलात तर पाहणीला निघालेल्या साहेबांची गाडी बांधापर्यंत पोचायची नाही, आणि ती ओढून काढायला ट्रॅक्टर तुम्हालाच न्यावा लागेल.

— चाकोरीकर