फुकटची शुद्धता

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक मत मोठ्या आत्मविश्वासानें बोलून दाखविलें जातें. शुद्धलेखन व व्याकरण तपासणारें सॉफ्टवेअर फुकट मिळूं लागल्यावर मुलांना ऱ्हस्वदीर्घाचे नियम शिकविण्यांत वेळ दवडणें हा निव्वळ मूर्खपणा होय, असें हें मत. गुणाकारासाठीं यंत्र आहे, तसें लेखनासाठींही आहे. मग ही यातायात कशाला? युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु तो करणाऱ्यांनीं हें यंत्र काय करतें तें कधीं पाहिलेलें दिसत नाहीं.

'लिब्रेऑफिस' या मुक्त लेखनसाधनांत मराठी तपासण्याची जी सोय आहे, ती 'हन्स्पेल' नांवाच्या यंत्रणेवर चालते. ही यंत्रणा मूळची हंगेरियन भाषेसाठीं रचलेली. त्या भाषेंतही मराठीप्रमाणेंच शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय लागतात. तिच्यापाशीं दोन याद्या असतात, एक शब्दांची व दुसरी प्रत्ययांची. लिहिलेलें रूप या दोहोंच्या मेळांत बसलें कीं तें शुद्ध. न बसलें कीं खालीं तांबडी रेघ. अर्थाशीं या व्यवहाराचा कांहीं संबंध नाहीं. 'दीन' म्हणजे गरीब व 'दिन' म्हणजे दिवस. 'सूत' कातावयाचें, तर 'सुत' म्हणजे पुत्र. एखाद्यानें 'दिन दुबळ्यांचा कैवारी' असें लिहिलें, तरी दिवसही यादींत आहे म्हणून यंत्र स्वस्थ बसतें! उलट 'घरासमोरच्यांनाही' यासारखें निर्दोष रूप, केवळ प्रत्ययांची सांखळी लांबली म्हणून, गुन्हेगार ठरण्याचा संभव असतो. गुणाकाराच्या यंत्राचें उत्तर डोळे मिटून घेतां येतें. येथें तें घेतां येत नाहीं. बोट घसरून झालेली चूक हें यंत्र चांगली दाखवितें, आणि नियम जाणणाऱ्याला ती मदत फार मोलाची आहे. पण ती नियम जाणणाऱ्याला.

इंग्रजीचे तपासनीस याहून धीट. २००९ सालीं निघालेल्या 'ग्रामर्ली'सारखीं साधनें चुका दाखवून थांबत नाहींत. वाक्य लांबलें, कर्मणि प्रयोग आला, अशाही तक्रारी करतात. त्या तक्रारी नेहमींच खोट्या असतात असें नव्हे. परंतु वर्गांतील प्रत्येक विद्यार्थी त्या निमूटपणें मान्य करूं लागला, म्हणजे चाळीस निबंध एकाच तोंडानें बोलूं लागतात. शिवाय या फुकटपणाचाही हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. तेथें आपला मजकूर कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो व तपासून परत येतो. सांत्वनाचें पत्र, राजीनामा, मुलीच्या लग्नाची बोलणी, हें सारें परक्याच्या हातून जाणें ज्यांना खटकत नाहीं, त्यांनीं निदान 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन शब्द एकाच अर्थानें वापरूं नयेत. लिब्रेऑफिसची मराठी यादी आपल्याच संगणकावर राहते, उघडून वाचतां येते, आणि तिच्यांत भर घालण्यास कोणाची आडकाठी नाहीं.

पण भर घालतो कोण? मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा नियमांवर, आणि १९७२ सालीं त्यांत पडलेल्या चार नियमांवर, तावातावानें भांडणारे विद्वान महाराष्ट्रांत रगड आहेत. त्या यादींत दहा शब्द घालणारा क्वचित् आढळतो. (प्रस्तुत लेखांतील जुन्या वळणाचे अनुस्वार त्याच नियमांनीं गाळलेले आहेत. नव्या नियमांवर बसविलेलें यंत्र या पानावर तांबडा सडा घालील. पिढ्यान् पिढ्या हेंच लेखन शुद्ध मानलें गेलें, याची त्याला वार्ता नाहीं.) फुकट मिळालेल्या वस्तूला नांवें ठेवणें सोपें, ती आपली आहे असें मानून दुरुस्त करणें मात्र कोणाच्याच मनांत येत नाहीं.

याचा परिणाम भलत्याच ठिकाणीं होतो. यादींत जो शब्द नाहीं तो मराठींतच नाहीं, असा समज वाढत चालला आहे. मालवणाकडील मुलगा 'झील' लिहितो, वऱ्हाडांतील 'पोट्टा' लिहितो. रेघ उमटली कीं दोघेही तो शब्द खोडून 'मुलगा' लिहितात व मोकळे होतात. रेघ ओढलेला शब्द खोडण्याऐवजीं यादींत घालण्याचाही आपणांस अधिकार आहे, हें त्यांना सांगणारा कोणीतरी वर्गांत उभा असावयास हवा; आणि शुद्धलेखनाचा तास बंद करूं म्हणणारे नेमकें त्यालाच बाहेर काढूं पाहत आहेत.