शिकरणाला नवे नाव, नवा भाव

पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत हल्ली एक वाडगा विकला जातो. गोठवलेले फळ दह्याबरोबर मिक्सरमध्ये घट्ट फिरवायचे, वाडग्यात ओतायचे, वर फळांच्या फोडी, बिया, लाह्या पेरायच्या आणि चमच्याने खायचे. त्याला स्मूदी बोल म्हणतात. आतले फळ 'सुपरफ्रूट' असले तर वाडग्याला तीनशेच्या वर रुपये पडतात. आपल्याकडे पिकले केळे दुधात कुस्करतात. त्याला शिकरण म्हणतात, आणि त्याचे पैसे कोणी मागत नाही.

आम्ही हे थट्टेने लिहीत नाही. खाणारा राजीखुशीने तीनशे मोजत असेल तर शेतकऱ्याने त्याच्यावर डोळे वटारण्याचे कारण नाही. त्या तीनशेत बागवाल्याच्या पदरात काय पडते, आणि बागवाल्याच्या घरातली पोरे-बाया त्यातले काय खातात, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

'सुपरफूड' हा शब्द शास्त्राचा नव्हे, जाहिरातीचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत युनायटेड फ्रूट कंपनीने केळी खपवण्यासाठी जो जाहिरातींचा धडाका लावला, तिथपर्यंत या प्रकाराची पाळेमुळे जातात. म्हणजे सुपरफळांतले थोरले भावंड आमच्या जळगावच्या शिवारात कधीपासून उभे आहे! युरोपीय संघाने तर २००७ पासून, आरोग्याचा दावा सिद्ध केल्याखेरीज हा शब्द वेष्टनावर छापायला मनाई केली.

या वाडग्याचे मूळ फळ असाई. ब्राझीलच्या पारा राज्यात, अॅमेझॉनच्या काठी, ताडासारख्या उंच झाडावर ते लागते. तिथली माणसे पिढ्यान् पिढ्या त्याचा घट्ट गर मासळी आणि कसाव्याच्या पिठाबरोबर जेवणात खात आली. फळ तोडले की एक-दोन दिवसांत खराब होते. गर काढून गोठवण्याची सोय झाली तेव्हाच ते रिओला आणि तिथून अमेरिकेला पोचले. वाटेत त्यात साखरेचा पाक मिसळला गेला, ही गोष्ट वेगळी. ब्राझीलच्या शेतकऱ्याबद्दल आम्हाला आकस नाही. त्याच्या नासक्या फळाला बाजार मिळाला तो गोठवणीमुळे आणि नावामुळे, एवढे मात्र डोळे उघडून पाहावे.

आता आपले जांभूळ घ्या. तेही काळे-जांभळे, तेही तुरट, तेही दोन दिवसांत पाणी सोडते. जून-जुलैचे चार आठवडे झाडाखाली सडा पडतो आणि पायाखाली तुडवला जातो. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पुरंदरचे अंजीर, सोलापूरचे डाळिंब, बीडचे सीताफळ, जळगावची केळी यांना ते २०१६ मध्येच मिळाले. मानांकनाचा कागद चांगला, पण कागदाने गर गोठत नाही. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, माळरानावर बोर, आवळा, सीताफळ उभे राहिले. लावायला अनुदान मिळाले. पिकल्यावर काय करायचे, याचा विचार करायला कोणी बसले नाही. तोडणीची मजुरी निघेना म्हणून आवळ्याच्या झाडाला कुऱ्हाड लावणारे शेतकरी आपल्याच बैठकांना येतात.

आणि घरात काय? चांगला माल पेटीत जातो, डागी माल पोरांना, आणि बाईच्या वाट्याला पोरांनी टाकलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी १०० मागे ५४ जणी रक्तक्षयाच्या निघाल्या. फळबागांच्या राज्यात ही अवस्था! शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, आवळ्यात त्याहून जास्त, संत्र्यात पन्नासाच्या आत. हे जीवनसत्त्व भाकरी-भाजीतले लोह अंगी लागायला मदत करते, म्हणून पेरू-आवळा जेवणाबरोबर खावा आणि जेवणावर लगेच चहा ढोसू नये. फळाने रक्तक्षय एकट्याने हटत नाही. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती घ्यायचीच.

मायबहिणींनो, हा वाडगा घरी करायला परदेशी फळ लागत नाही. जांभळे धुऊन हाताने चोळा, बिया काढा, गर स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दोन पिकल्या केळ्यांच्या चकत्याही तशाच गोठवा. सकाळी अर्धी वाटी गर, ती केळी आणि वाटीभर घट्ट दही एकत्र फिरवा. दही फडक्यात तासभर टांगले तर आणखी बरे. वरून राजगिऱ्याच्या लाह्या, भाजके शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे आणि भाजून कुटलेले जवस घाला. जवस कुटायचेच, अख्खे बी पोटातून तसेच बाहेर पडते. साखर नको, केळे पुरेसे गोड असते. मिक्सर नसेल किंवा वीज गेली असेल (ती जातेच) तर केळे हाताने कुस्करा आणि रवीने घुसळा. भारनियमनाच्या गावात बर्फाचा भरवसा नाही. तिथे गर मंद आचेवर आटवून चार दिवसांत संपवा. हिवाळ्यात जांभळाच्या जागी सीताफळ किंवा पेरूचा गर चालतो. पेरूच्या बिया चाळणीतून गाळून घ्याव्यात.

एक तंबी. जांभळाने मधुमेह बरा होतो असे कोणी डब्यावर छापायला सांगितले तर छापू नका. तसला दावा लबाडीचा आहे, आणि औषध सोडून बसलेल्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो. चव आणि ताजेपणा विका, तेवढे पुरे.

घरात जमले की गावात जमेल. चळवळीत १९९० च्या दशकात 'माजघर शेती' हा शब्द रुजला तो याचसाठी. पाच-सहा घरांनी मिळून एक डीप फ्रीझर घेतला तर जांभळाचा हंगाम चार आठवड्यांचा सहा महिने होतो, आणि व्यापारी दारात आला म्हणजे 'आजच्या आज उचल, नाहीतर नासेल' ही त्याची धमकी चालत नाही. फ्रीझरचे वीजबिल, डब्यांचा खर्च, बायांच्या श्रमाची मजुरी, हे सगळे वहीत मांडूनच गराचा भाव काढा. घरच्या बाईचे श्रम फुकट धरून काढलेला भाव हा भावच नव्हे.

पुढच्या जिल्हा बैठकीला चहा-बिस्किटांऐवजी हा वाडगा द्यावा, असे आम्ही महिला आघाडीला सुचवत आहोत. प्रत्येक तालुक्याने आपल्या फळाचा गर आणावा, सोबत खर्चाची वही आणावी. वाडगे आधी बायांच्या हातात जावेत. पुढारी रांगेत शेवटी उभे राहतील.