तोंड आलेला आमवाताचा रुग्ण

आमवाताचा रुग्ण तोंड आल्याची तक्रार घेऊन आला की आपला हात सहजच खदिरादि वटीकडे जातो. तत्पूर्वी, आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी चालू आहे काय, हे त्यास विचारावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ती गोळी बहुधा मेथोट्रेक्सेटची असते.

हे मूळचे कर्करोगावरील केमोथेरपीचे औषध. पेशीविभाजनास आवश्यक असलेल्या फोलिक आम्लाच्या कार्यात ते अडथळा आणते. त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशी आधी बळी पडतात. त्यांत कर्कपेशी येतात, तशीच मुखातील श्लेष्मल त्वचा व अस्थिमज्जाही येते. आमवातात त्याची मात्रा अल्प, साधारणतः ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि तीही आठवड्यातून एकदाच. हीच गोळी गैरसमजाने रोज घेतल्यामुळे रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. अशा रुग्णाचा मुखपाक केवळ पित्तप्रकोप समजून शमवू नये. त्याच दिवशी रक्ततपासणी करवून मूळ चिकित्सकास कळवावे. फोलिनिक आम्ल हा यावरील उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगी.

शोधनाविषयीही बोलले पाहिजे. हे औषध मुख्यत्वे वृक्कांवाटे बाहेर पडते. वमन-विरेचनाने जलांश घटला तर ते शरीरात साचून राहते. आमवातात विरेचन शास्त्रसंमत आहे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ग्रंथकारांसमोरील रुग्णाच्या पोटात ही गोळी नव्हती! यकृतास अपाय होण्याच्या भीतीने या रुग्णांना मद्य वर्ज्य सांगतात. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, हे रुग्णास ठाऊक नसते, आपणांस असते.

'ते विष आधी बंद करा' असे परस्पर सांगणारेही आपल्यांत आहेत. गोळी एकाएकी सुटली की काही आठवड्यांत संधिशोथ उसळतो आणि सांध्यांची झीज पुन्हा सुरू होते, याची जबाबदारी मग कोणी घ्यायची? शिवाय हे औषध सर्वस्वी परकेही नाही. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतून ते आले, तेथील संशोधनाचे नेतृत्व डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते, आणि १९२३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवीत असत.

संघटनेच्या छापील रुग्णपत्रिकेत 'आठवड्याची गोळी : नाव, मात्रा व वार' असा रकाना पुढील छपाईपासून घालावा, अशी आमची सूचना आहे.