बेटावरचं माहेरपण

लेकीचा फोन फेब्रुवारीच्या शेवटी आला. "आई, यंदा आम्ही घरी येत नाही. तू आणि बाबा मालदीवला या. चार रात्री राहू सगळे. तिकिटं आम्ही काढतो." मी म्हटलं, "अगं, पण का?" ती जरा थांबली. म्हणाली, "पाण्याचं काय करणार, आई? तुम्हा दोघांनाच पुरत नाही. त्यात आम्ही तिघं."

मला राग आला नाही. वाईट वाटलं, कारण ती खरं बोलत होती.

लेक-जावई बारा वर्षांपासून दुबईत आहेत. नात नऊ वर्षांची. तिच्या शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलमध्ये नवं सुरू होतं. मधले दोन आठवडे आमच्या वाट्याचे. जुलै-ऑगस्टची मोठी सुटी पुण्याला, तिच्या सासरी जाते. आमचं घर गारखेड्यात. मार्च लागला की नळ सहाव्या-सातव्या दिवशी येतो, कधी आठवाही उजाडतो. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. आज वार कोणता हे माणूस एक वेळ विसरेल, पण पाण्याचा दिवस कुणी विसरत नाही. बारसं, साखरपुडा, डॉक्टरांची वेळ, सगळं त्या दिवसाला वळसा घालून ठरतं. आधी हौद, मग वरची टाकी, मग पिंप, मग हंडे, आणि उरलंच तर पातेली.

दोन वर्षांपूर्वी नात आली होती तेव्हाची गोष्ट. ती बेसिनपाशी दात घासत होती आणि नळ चालू होता. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "बंद कर तो नळ आधी!" माझा आवाज इतका चढला होता की पोरगी ब्रश तोंडात तसाच ठेवून रडायला लागली. तिनं कोरडा नळ कधी पाहिलेलाच नाही. त्यानंतर घरात असेपर्यंत ती प्रत्येक वेळी विचारायची, "आज्जी, हात धुऊ का?" दारात कुणीही आलं तरी आपण आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो, आणि माझी नात माझ्याच घरात हात धुवायची परवानगी मागत होती. लेक तेव्हा काही बोलली नाही. फेब्रुवारीत बोलली.

मार्चअखेर आम्ही गेलो. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, तिथून अडीच-तीन तासांचं विमान. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू आणि खोबरेल तेलाची बाटली. मालेचं विमानतळ एका स्वतंत्र बेटावर आहे. बाहेर पडलं की समोर धक्का, आणि रिक्षांसारख्या बोटी उभ्या. लेक, जावई आणि नात दुबईहून दोन तास आधीच पोचले होते. नात धावत येऊन मिठी मारून उभी राहिली आणि मग आम्ही स्पीडबोटीत बसलो.

मालदीवची बेटं सुमारे बाराशे. माणसांची वस्ती त्यातल्या दोनशेच्या आत-बाहेर बेटांवर. सगळा देश इतका सखल की सर्वांत उंच नैसर्गिक जागाही समुद्रापासून जेमतेम अडीच मीटर वर. २००९ साली तिथल्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बसून बैठक घेतली होती, ती याच भीतीकडे जगाचं लक्ष वेधायला. पर्यटन सुरू झालं १९७२ मध्ये, कुरुंबा नावाच्या बेटावर. तेव्हापासून बहुतेक रिसॉर्टांची रीत एकच आहे : एक बेट, एक रिसॉर्ट. आमचंही तसंच होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं लागायची.

समुद्राच्या रंगांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला आठवते ती खोलीबाहेरची लाकडी पायरी. जेवण झाल्यावर लेक त्या पायरीवर माझ्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तेल लाव ना." चाळिशीला आलेली माझी मुलगी. केस आता विरळ झालेत, कानाशी पांढरे दिसायला लागलेत. मी तेल लावत होते आणि ती बोलत होती. फोनवर कधी न सांगितलेल्या गोष्टी. ऑफिसातला ताण, नवऱ्याची नोकरी बदलायची चाललेली धडपड, आणि पोरीला मराठी वाचता येत नाही याची खंत. बाजूला पाण्याचा आवाज. त्या चार रात्रींसाठी मी तिची आणि जावयाची आयुष्यभर ऋणी राहीन.

पण माहेर म्हणजे फक्त आई-बाप नसतात. पायरीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "गुलमंडीला जायचं होतं गं मला." शाळेतली मैत्रीण सिडकोत राहते, तिला भेटायचं होतं. शेजारच्या काकूंच्या हातच्या कुरडया तळून खायच्या होत्या. आत्याच्या नव्या घरी जायचं होतं. सकाळी गच्चीवर उभं राहून समोरच्या अंगणातल्या बाईशी अर्धा तास बोलत राहणं, हेही माहेरच. ते विमानात घालून नेता येत नाही. मी आणि हे दोघंच काय ते जाऊ शकलो.

नातीला तिथल्या भाषेचं वेड लागलं. दिवेही ही भाषा सिंहलीची बहीण, म्हणजे आपल्याही नात्यातली. 'दिवेही' या शब्दातच द्वीप आहे. माशाला ते 'मस' म्हणतात. रुपयाला 'रुफिया'. आणि पाण्याला 'फेन'. आपल्या पाण्यातला 'प' तिथे जाऊन 'फ' झाला, एवढंच. हा शब्द मला फार आवडला. नात तर दिवसभर "आज्जी, फेन दे" म्हणत फिरायची.

दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "आज्जी, इथे नदी नाही, तलाव नाही, मग फेन येतं कुठून?" खोलीत काचेच्या बाटल्यांतून पाणी ठेवलेलं असायचं आणि ते बेटावरच भरलेलं होतं. आम्ही चौकशी केली, तर त्यांनी आम्हाला बेटाच्या मागच्या बाजूला नेलं, जिथे पाहुणे कधी जात नाहीत. झाडांच्या दाट रांगेआड जनरेटरची घरघर, डिझेलच्या टाक्या आणि एका लांब खोलीत पांढऱ्या नळकांड्यांच्या रांगा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी प्रचंड दाबाने पातळ पडद्यांमधून ढकलायचं. गोडं पाणी पलीकडे जातं, उरलेलं आणखी खारं पाणी परत समुद्रात. हजार लिटर गोड्या पाण्याला तीन-चार युनिट वीज लागते. ती वीज डिझेलवर, आणि डिझेल बोटीने आणलेलं. न्हाणीघरातलं वापरलेलं पाणी शुद्ध करून झाडांना देतात. भिंतीवर फळा होता. आज किती पाणी केलं, किती खर्च झालं, टाकीत किती शिल्लक आहे, सगळं लिटरमध्ये लिहिलेलं.

यंत्रावर काम करणारा मुलगा बांगलादेशातल्या खुलना भागातला होता. बरी हिंदी बोलायचा. दोन वर्षं झाली, घरी गेलेला नव्हता. २००९ च्या आयला वादळात त्याच्या गावच्या तळ्यांत समुद्र घुसला आणि तेव्हापासून त्याची आई पिण्याचं पाणी लांबून आणते. इथे तो रोज हजारो लिटर समुद्र गोड करतो आणि त्याची आई तिकडे घागर घेऊन चालते. हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. मी संध्याकाळी त्याला चार धपाटे आणि चटणी नेऊन दिली. आणखी काय करणार होते?

रिसॉर्टचं ठीक आहे. पण तो देश पाण्याने श्रीमंत नाही. बेटांच्या वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. जास्त उपसला की खारा होतो, आणि २००४ च्या त्सुनामीने तो किती तरी ठिकाणी नासवला. म्हणून वस्तीच्या बेटांवर घरोघरी पावसाचं पाणी धरणाऱ्या टाक्या दिसतात. उन्हाळ्याच्या शेवटी त्याही आटल्या की बोटीने पाणी पोचवावं लागतं. राजधानी मालेमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि लाखभराहून अधिक लोकांचे नळ एका दिवसात बंद पडले. तेव्हा आपल्या हवाई दलाने विमानांतून पाणी नेलं आणि नौदलाच्या आयएनएस सुकन्या व आयएनएस दीपक या जहाजांनी तिथे जाऊन पाणी दिलं. विमानाने पाणी! ऐकून हे म्हणाले, "आपण रेल्वेने आणलंच होतं की." खरंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची गाडी आली, तेव्हा स्टेशनवर लोक स्वागताला उभे होते. मराठवाड्याला मालेचे ते दिवस समजू शकतात.

आणि तरीही आपलं दुखणं वेगळं आहे. आपण बेटावर राहत नाही. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. धरण भरलं की १५२२ फूट पातळीची बातमी आपण सणासारखी वाचतो. पण शहर त्याहून शंभरेक मीटर उंचावर आहे. म्हणजे प्रत्येक थेंब पंपाने वर चढवायचा, तोही वाढत गेलेल्या शहरासाठी आणि जुन्या होत गेलेल्या वाहिन्यांतून. पैठण रस्त्याच्या कडेला माणूस उभा राहील एवढ्या व्यासाच्या नव्या नळ्या आपण कैक वर्षं बघतो आहोत. त्यांचं पाणी प्रत्येक वस्तीत, शेवटच्या गल्लीपर्यंत पोचावं, एवढंच माझं मागणं आहे.

हेच शहर एकेकाळी पाण्याचा विचार आधी करत होतं. १६१० मध्ये मलिक अंबरने ते खडकी या नावाने वसवलं आणि उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून नहर आणली. पंप नाही, वीज नाही, निव्वळ उतारावर चालणारं पाणी. शतकानुशतकं ती नहर शहराला पाजत राहिली. पुढच्या शतकात पाणचक्की झाली. तिथलं जातं पाण्यावर फिरायचं आणि दळलेलं पीठ फकिरांना, वाटसरूंना जायचं. आलेल्याला पाणी द्यायचं आणि भाकरीही द्यायची, ही या गावाची जुनी रीत. शाळेची सहल नेताना मी मुलांना हे दरवर्षी सांगायचे. आता सांगताना घसा दाटेल, कारण माझ्या लेकीचं माहेरपण मी या गावात करू शकले नाही.

बेटावरच्या यंत्राच्या खोलीतल्या त्या फळ्याची मला पुन्हा पुन्हा आठवण येते. बेटावर आधी पाणी किती करता येईल ते ठरतं, मग खोल्या किती बांधायच्या ते. आपण आधी घरं बांधली, वसाहती बांधल्या, टोलेजंग इमारती उभ्या केल्या, आणि पाणी मागाहून येईल म्हणालो. मीही त्यातच आले. आमचं घर बांधलं तेव्हा मी फरशीचा रंग निवडायला चार दुकानं फिरले. गच्चीवरचं पावसाचं पाणी कुठे जाणार, हे विचारलं नाही. ते चाळीस वर्षं गटारात जातं आहे.

परतल्यावर यांनी आणि मी गच्चीचं माप काढलं. हजार चौरस फूट. आपल्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका गच्चीवर जवळजवळ ६५ हजार लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी ५२ हजार लिटर उरतं. पाच हजार लिटरचे दहा टँकर! गेल्या उन्हाळ्यात आम्ही जेवढे टँकर विकत घेतले, त्याहून हे जास्त आहेत. सगळं काही साठवता येणार नाही. पण पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचा, पुढचं पाणी जाळी आणि वाळूच्या गाळणीतून हौदात घ्यायचं, आणि हौद भरला की उरलेलं मार्चमध्येच आटणाऱ्या बोअरपाशी जिरवायचं. प्लंबर येऊन पाहून गेला आहे. काम मेमध्ये होईल.

पुण्याच्या विहीणबाईंशीही बोलणं झालं. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, आणि जुलैचे पहिले दहा दिवस लेक आणि नात माहेरी येत आहेत. नातीला मी सांगून ठेवलं आहे की हात धुवायला विचारायचं नाही.

वाचकहो, जून लागायला अजून वेळ आहे. येत्या रविवारी टेप घेऊन गच्चीवर जा, लांबी-रुंदी मोजा, पन्हाळी साफ करून घ्या, आणि त्यांचं तोंड गटाराकडून हौदाकडे वळवा.