नव्या इंजिनास जुना ज्वर

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांस निदानपंचक म्हणतात. ते मनुष्यदेहासाठी रचिले गेले हे खरे. परंतु ज्या घरी मोटार आहे तेथील मंडळींनी त्याचा उपयोग मोटारीच्या बाबतीतही करावा, असे आमचे मत आहे. गाडीस दुसरे इंजिन बसविल्यावरही ती तापू लागली, तर अशा शिस्तीवाचून गृहस्थाची थैली रिकामी होण्यास वेळ लागत नाही.

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ साली, ओम्नी या नावाने प्रसिद्ध असताना, तिचे उत्पादन थांबले. तरी आमच्या कोल्हापुरात ती अजून रस्त्यावर दिसते. सांगाडा धड असतो, इंजिन मात्र थकते; आणि जेथे उद्यमनगरासारखी यंत्रकामाची वस्ती हाताशी आहे, तेथे नवी गाडी घेण्यापेक्षा दुसरे इंजिन बसविणे गृहस्थास परवडते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते एवढेच, की पहिले इंजिन कशाने गेले, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी उष्णता कूलंट नावाचे द्रव वाहून नेते. पंप ते फिरवितो, रेडिएटर ते निववितो, आणि थर्मोस्टॅट नावाची झडप साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडून त्याचा मार्ग मोकळा करिते. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांस उकळते; कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे सुमारे ९८ अंशांसच. म्हणून रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेविते. सुमारे एक वातावरणाचा जादा दाब असला तर पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल पडली की हे संरक्षण नाहीसे होते. ही वस्तू स्वस्त असल्यामुळेच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या व्हॅनची हकीकत येथे उपयोगी पडेल. इंजिन बदलून आठ दिवस झाले नाहीत तोच पन्हाळ्याच्या चढावर उष्णतेचा काटा लाल रेघेशी भिडला. सपाटीवर आल्यावर तो खाली आला. ज्या गॅरेजात काम झाले तेथील मेस्त्रींनी, हे इंजिनच सदोष निघाले, दुसरे पाहू, असे सांगितले. दुसऱ्या खर्चाची तरतूद घरात नव्हती, आणि रोज सकाळी त्याच गाडीने घरची मुले शाळेस जात. तेव्हा त्या गृहस्थांनी कारणांचा शोध क्रमाने घ्यावा, असे आम्ही सुचविले.

क्रमातील पहिले स्थान हवेचे. इंजिन काढताना सर्व द्रव ओतून टाकावे लागते. पुन्हा भरताना उंचावरच्या नळ्यांत हवा कोंडते. तिचे रूप असे: काटा एकाएकी वर जातो, एकाएकी खाली येतो, आणि आतून खळखळ ऐकू येते. उपाय सोपा आहे. गाडी पूर्ण थंड असताना पुढील बाजू उंच राहील अशी उभी करावी, झाकण काढून द्रव हळूहळू भरावे, मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत द्रव भरीत राहावे. दुसरे दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहावी. एकदोन दिवस ती थोडी उतरली तर हवा निघाली असे समजावे. रोजच उतरत राहिली तर गळती शोधावी. उपायाने गुण येतो की नाही यावरून रोग ठरविणे, हाच तो उपशय होय.

दुसरे स्थान थर्मोस्टॅटचे. इंजिन तापले असून वरची नळी थंडच राहिली, तर झडप उघडत नाही किंवा उलटी बसविली आहे. तिसरे पट्ट्याचे आणि पंख्याचे. पट्टा सैल असेल तर पंप पुरेसा फिरत नाही. पंख्याची तार जोडावयाची राहिली असेल तर गाडी रहदारीत उभी असता तापते, धावताना निवते. चौथे मापकाचे. सेन्सर जुन्या इंजिनाचा आणि मापक निराळ्या जातीचे असेल, तर काटा खोटेही बोलतो. दुरून उष्णता मोजणाऱ्या औद्योगिक तापमापकाने ते उघडे पडते.

हेड गॅस्केटचा संशय शेवटी घ्यावा. न्यायशास्त्रात बाष्पास धूर समजून अग्नीचे अनुमान करणे हा चुकीच्या अनुमानाचा प्रसिद्ध दाखला आहे. थंडीच्या सकाळी धुराड्यातून निघणारी पांढरी वाफ ही पुष्कळदा नुसते थंड हवेचे कार्य असते. परंतु इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तेल दुधाळ झाले, किंवा हवा काढून टाकल्यावरही थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरात बुडबुडे येऊ लागले, तर मात्र दोष खरा. रेडिएटरवरील वायूत जळणाचा अंश असल्यास रंग बदलणारे परीक्षाद्रव्य मिळते. त्याने खात्री करून घ्यावी.

त्या व्हॅनच्या बाबतीत हवा काढल्यावर काटा स्थिर झाला, तेल स्वच्छ निघाले. तथापि चढावरचा ताप राहिलाच. सपाटीवर बरे आणि चढावर वाईट, या रूपाचा अर्थ असा की उष्णता वाढली असता ती बाहेर टाकण्याची शक्ती अपुरी पडते. तापमापकाने रेडिएटर पाहिला, तेव्हा त्याचा खालचा तृतीयांश भाग थंडच आढळला: गंज आणि क्षार यांनी नलिका बुजल्या होत्या. इंजिन नवे, रेडिएटर जुना! पहिले इंजिनही बहुधा त्यानेच घेतले असावे. रेडिएटर बदलला आणि गाडी पन्हाळा चढून गेली. निदानपरिवर्जन, म्हणजे कारणाचा त्याग, ही चिकित्सेची पहिली पायरी म्हणतात ती याचसाठी.

बोअरिंगचे पाणी असे क्षार सोडते, म्हणून कूलंटमध्ये शुद्ध केलेले पाणीच मिसळावे. आणि निरनिराळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये: दाब सुटताच आतील द्रव क्षणात उकळून तोंडावर येते. इंजिन बंद असतानाही कित्येक गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो, याचेही स्मरण ठेवावे. एथिलीन ग्लायकॉल हा कूलंटचा घटक गोड लागतो आणि विषारी आहे. सांडलेले द्रव मुलांच्या व मांजरांच्या वाटेत राहू देऊ नये.

इंजिन बदलून घेणाऱ्या गृहस्थाने पैसे मोजण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. जुने इंजिन कशाने गेले? रेडिएटर तपासला काय? थर्मोस्टॅट, झाकण आणि नळ्या नव्या घातल्या काय? हवा काढली काय? जो मेस्त्री यांची उत्तरे न रागावता देतो, त्याच्याकडे गाडी निर्धास्त सोपवावी.