पवनारचा ताम्रपट आणि आपला जलसा

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात धाम नदीवर पवनार लागते. पर्यटक येतात, विनोबांच्या आश्रमात डोके टेकवतात, जमिनीतून निघालेली जुनी शिल्पे पाहतात आणि परत जातात. ही शिल्पे रामकथेची आहेत असे त्यांना सांगितले जाते. अभ्यासकांमध्ये याबद्दल मतभेद आहेत, पण ते पर्यटकाला कोणी सांगत नाही. एखादा दगड राम म्हणून ओळखला गेला की पुढचे प्रश्न बंद होतात. साहित्य आणि कला यांचा राजकारणाशी संबंध नसतो, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. हे शिकवणाऱ्यांना एकदा पवनारला आणून उभे करावे, असे मला नेहमी वाटते.

डॉ. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे मांडले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर काही संशोधकांनी तो मान मनसरला दिला. तो वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन कवी होता. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य त्याच्या नावावर आहे. त्याचेच दुसरे नाव 'रावणवहो', म्हणजे रावणवध. मराठी साहित्याचे इतिहासकार आपल्या भाषेची पूर्वपीठिका सांगताना त्याचा अभिमानाने उल्लेख करतात.

पण याच राजाने आणखी एक मजकूर लिहून घेतला. तो ताम्रपटावर आहे. राज्यारोहणाच्या १८ व्या वर्षी प्रवरपुराहून निघालेला हा ताम्रपट अचलपूरजवळच्या चमक गावी सापडला. त्याने चर्मांक नावाचे गाव, ८००० भूमी मापाचे, १००० ब्राह्मणांना दान दिले. ताम्रपटात ४९ ब्राह्मणांची नावे गोत्रासह कोरली आहेत. गावाला राजाच्या करातून, वेठीतून, कातडे आणि कोळसा पुरवण्यातून सूट दिली आहे. अट एकच, पण मोठी लांबलचक: या लोकांनी राज्याशी द्रोह करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना त्रास देऊ नये. तसे वागले तर जमीन काढून घेतली जाईल. नाही तर चंद्रसूर्य असेपर्यंत ती त्यांची.

आता सांगा, 'सेतुबंध' हे साहित्य आणि चमकचा ताम्रपट हा फक्त कागदपत्र, अशी विभागणी कशी करायची? एकाच दरबारातून दोन्ही निघाले. एकात राजा रामाच्या पराक्रमाचे गुणगान करतो, दुसऱ्यात जमिनीच्या बदल्यात निष्ठा विकत घेतो. ४९ जणांची नावे तांब्यावर कोरली गेली. कातडे कोण कमावत होते, कोळसा कोण पाडत होते, ती ८००० भूमी कोण कसत होते, त्यांचे एकही नाव नाही. जो राबतो त्याचे नाव मजकुरात येत नाही, हा आपल्या साहित्याचा फार जुना नियम आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. याच घराण्याच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेतला राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे बुद्धाच्या संघाला अर्पण केले. म्हणजे त्या काळी दोन्ही प्रवाह जिवंत होते. पुढे अजिंठा जंगलात गडप झाला आणि १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडला. रामकथा मात्र गावोगावच्या कीर्तनात, पारावर, रामलीलेत चालू राहिली. कोणती कथा रोज सादर होते आणि कोणती गुहेत पडून राहते, हे कथेच्या गुणावर ठरत नाही. तिच्यामागे जमीन, देऊळ आणि सत्ता कोणाची आहे, यावर ठरते.

इंग्रज आले तेव्हा हे बदलले का? काही बदलले, बरेच बदलले नाही. पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी कंपनी सरकारने दक्षिणा बंद केली नाही. त्याच पैशातून पुण्याला संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे त्यातला काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसासाठी वळवण्यात आला. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले. ग्रहदशेची भीती घालून एका गरोदर कुणबीणीला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडणारा जोशी, मध्ये बोलणारा विदूषक, वाद घालणारा पाद्री आणि शेवटी शिकायला निघालेले ते नवरा-बायको, अशी त्याची रचना आहे. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, हे जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त स्वतः नोंदवले आहे. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. चर्मांकचे दान आणि दक्षिणेची कमिटी यांत चौदाशे वर्षांचे अंतर आहे. देणारा हात बदलला, घेणारा हात बदलला नाही.

दुसरीकडे पाहा. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकात कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले. इंग्रजांनीही ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हाताशी होताच. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या बंदीवर पानेच्या पाने आहेत, आणि असावीत. परक्या सत्तेला नाटकाची भीती वाटली, ही गौरवाची गोष्ट आहे. पण त्याच्या ५५ वर्षे आधी एका नाटकाची भीती घरातल्या सत्तेला वाटली होती. तिला बंदी घालण्याची गरजही पडली नाही. तिने नुसते बक्षीस नाकारले आणि हस्तलिखित पेटीत पडून राहिले. ही बंदी इतिहासकारांना दिसत नाही.

पुन्हा पवनारला येऊ. १९५१ मध्ये विनोबा इथून तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांनी ८० एकर जमीन मागितली, एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली आणि भूदान चळवळ जन्मली. विनोबांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न शब्दाचा आहे. ज्या गावाचे नाव वाकाटकांच्या जमीन-दानाशी जोडले जाते, तिथूनच दीड हजार वर्षांनी पुन्हा 'दान' हाच शब्द निघाला. दान देणारा मोठा होतो आणि घेणारा वाकतो. भूदानात मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही, बराचसा खडकाळ निघाला. याउलट बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह लढवले. त्यांची भाषा हक्काची होती. साहित्यातून आलेला एक शब्द राजकारण कसे वळवतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आणि आणीबाणी? १९७५ मध्ये पवनारहूनच 'अनुशासन पर्व' हा शब्द देशभर गेला. महाभारतातल्या पर्वाचे ते नाव सरकारने भिंतींवर रंगवले. आपण अनुशासन आचार्यांचे म्हटले होते, शासन सत्ताधाऱ्यांचे, असा खुलासा विनोबांनी पुढे केला. तोवर शब्दाचे काम होऊन गेले होते.

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स', प्रसिद्ध केला. राम आणि कृष्ण यांच्याबद्दल बाबासाहेबांनी विचारलेले प्रश्न त्यात होते. अमरावतीत त्या ग्रंथाची होळी झाली. ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत आपल्या समाजाचा विराट मोर्चा निघाला, तेव्हा कुठे तो मजकूर वाचला. सरकारी दूरदर्शनच्या पडद्यावर दर आठवड्याला एक कथा दाखवली जात होती आणि त्याच कथेला प्रश्न विचारणारे पुस्तक जाळले जात होते. हे दोन प्रसंग वेगवेगळे समजू नका.

आपल्याकडे उत्तर होते, आणि ते आपणच विसरत चाललो आहोत. सत्यशोधक जलशांनी खेड्यातल्या माणसाला भटशाही त्याच्याच बोलीत समजावली. १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचाच साचा, पण गवळणीची छेडछाड गेली, गणात देवाऐवजी बाबासाहेबांना वंदन आले, वगात पाणवठा, शाळा, सावकार आणि वतन आले. वाचता न येणाऱ्या माणसाला चवदार तळ्याचा अर्थ या जलशाने सांगितला. वामनदादा कर्डकांनी तो धागा २००४ मध्ये डोळे मिटेपर्यंत सोडला नाही.

आज १४ एप्रिलला आपल्या वस्तीत काय असते? डीजेच्या भिंती असतात. गाणी बाबासाहेबांचीच असतात, पण त्यात वग नाही, संवाद नाही, प्रश्न नाही. म्हाताऱ्या शाहिरांच्या वह्या माळ्यावर पडल्या आहेत, वाळवी खाते आहे. प्रवरसेनाने आपला मजकूर तांब्यावर कोरला, म्हणून तो दीड हजार वर्षे टिकला. जोतीरावांचे नाटक कोणीतरी जपले, म्हणून सव्वाशे वर्षांनी का होईना हाती आले. आपल्या शाहिरांच्या वह्या कोण जपणार? त्यासाठी कुठल्या दक्षिणा कमिटीकडे अर्ज करायचा नाही. विहाराच्या वर्गणीतून त्या उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, आणि येत्या जयंतीला डीजेच्या खर्चाचा निम्मा भाग काढून वस्तीतल्या पोरापोरींकडून एक तरी वग बसवून घ्यावा.

ताम्रपटात आपले नाव नव्हते. जलशाच्या वहीत ते आहे. ती वही वाळवीला दिली, तर त्याचा दोष यावेळी प्रवरसेनावर टाकता येणार नाही.