पिस्टन बदलतो, तेव्हा काय काय बदलते?

रांजणगावच्या महागणपतीची यात्रा असो वा अन्य कोणत्या गावची, फुगे फोडण्याच्या दुकानातील छऱ्याची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळलेली असते. त्यामुळे एअरगन म्हणजे खेळणे, अशी समजूत शहरी मनातही पक्की बसली आहे. कायद्याचे मत मात्र तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने अग्निशस्त्राची व्याख्या करताना केवळ स्फोटकाचा नव्हे, तर ‘अन्य प्रकारच्या ऊर्जे’चाही उल्लेख केला आहे. दाबलेली हवा ही अशीच अन्य ऊर्जा होय. छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, तो ती शस्त्र नाही म्हणून नव्हे. नियमांनी एका मर्यादेपर्यंत सवलत दिली आहे म्हणून.

ही मर्यादा २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे. नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नसावी आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर, म्हणजेच .१७७ इंचापेक्षा मोठा नसावा. यांपैकी एक जरी सीमा ओलांडली, तरी तीच बंदूक परवान्याच्या प्रवर्गात जाते. एअर रायफलमधील स्प्रिंग काढून गॅस पिस्टन बसविणे किंवा गॅस पिस्टन काढून पुन्हा स्प्रिंग घालणे, या छंदिष्टांमधील प्रथेकडे पाहायला हवे ते या पार्श्वभूमीवर.

आधी यंत्र समजून घेऊ. स्प्रिंगच्या रायफलमध्ये नळी मोडून खाली ओढली की पोलादी स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागे अडकतो. चाप ओढताच पिस्टन वेगाने पुढे धावतो, समोरची हवा क्षणार्धात दाबली जाते आणि त्या दाबाने छरा सुटतो. गॅस पिस्टनमध्ये बाकी सारे तसेच राहते. फक्त स्प्रिंगच्या जागी उच्च दाबाचा वायू, बहुधा नायट्रोजन, भरलेली बंद नळी येते. ब्रिटनमधील थिओबेन या कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी ही रचना एअर रायफलमध्ये रूढ केली. मोटारीचे मागचे दार वर उचलून धरणारा गॅसचा दांडा याच तत्त्वावर चालतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे मोटारी तयार होतात, तेथील कामगाराला हे तत्त्व नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

दोन्ही रचनांचे गुणदोष आहेत. स्प्रिंग फार वेळ दाबून ठेवली तर हळूहळू बसते, सुटताना पीळ देते, थरथरते. गॅस पिस्टनला हा त्रास नाही. त्याची हालचालही अधिक झटपट असते. पण स्प्रिंग थकली तर थोड्या पैशांत बदलता येते, उलट गॅसचे सील गळू लागले तर बहुधा संपूर्ण नळीच बदलावी लागते. तापमानाचाही प्रश्न आहे. बंद नळीतील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हिवाळ्याच्या पहाटे पारा १० अंशांवर असेल आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंशांवर, तर दाबात सुमारे एक दशांश फरक पडतो. ऊर्जा अगदी त्याच प्रमाणात वाढत नसली, तरी सीमेला चिकटवून ठेवलेली रायफल डिसेंबरात नियमात आणि एप्रिलमध्ये नियमाबाहेर असू शकते.

आता आकडे पाहू. साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा छरा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा १० ज्यूल होते. वेग २५० मीटर झाला की ती १५.६ ज्यूलवर जाते. २० ज्यूलची सीमा येते सुमारे २८३ मीटरवर, आणि ३०० मीटरला तर २२.५ ज्यूल भरतात. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, ही शाळेतील भौतिकशास्त्राची बाब येथे थेट फौजदारी कायद्याला जाऊन भिडते. वेगात जेमतेम सहा टक्क्यांची भर २८३ चे ३०० करते. अधिक दाबाचा पिस्टन बसविणाऱ्याला ही भर जाणवतही नाही. बंदूक दिसते तशीच, आवाजही जवळपास तोच.

आणि परिणाम मात्र किरकोळ नाहीत. शस्त्र कायद्याच्या कलम ६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तोपर्यंत नळी आखूड करणे आणि नकली शस्त्राचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करणे एवढ्यांवरच त्यात बंधन होते. दुरुस्तीने अग्निशस्त्राचे एका प्रवर्गातून दुसऱ्या प्रवर्गात विनापरवाना रूपांतर करणेही त्यात आले. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. हे कलम डोळ्यांसमोर ठेवून रविवारच्या दुपारी घरी पिस्टन बदलणारे किती असतील? यंत्रणा बदलणे हा यात गुन्हा नाही, प्रवर्ग बदलणे हा गुन्हा आहे. पण प्रवर्ग बदलला की नाही, हे सांगणारा मोजमापाचा आकडा सामान्य मालकाजवळ नसतो.

हा प्रश्न रांजणगाव परिसरात अधिक टोकदार होतो. तालुक्यातच मोरांसाठी प्रसिद्ध असलेली मोराची चिंचोली आहे. दौंडच्या शेजारी, बारामती तालुक्यातील सुप्याजवळ चिंकारांचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. घोड नदीकाठच्या उसात बिबट्या आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा लोकांचा संताप सर्वांनी पाहिला. अशा वातावरणात ‘थोडी जास्त ताकदीची’ छऱ्याची बंदूक घरात असावी, असे कोणाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. पण ही ताकद फसवी आहे. पाच ज्यूल वाढवून बिबट्या मरत नाही. तो जखमी होतो, आणि जखमी बिबट्या उसातल्या मजुरांसाठी अधिक घातक ठरतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात इजा करणे हीदेखील शिकारच मानली आहे. म्हणजे वाढीव ताकद शेतकऱ्याचे रक्षण करीत नाही. मोर आणि ससा यांच्या जिवावर मात्र उठते. अरुणाचल प्रदेशात २०२१ च्या मार्चमध्ये एअरगन सरकारजमा करण्याचे अभियान सुरू झाले आणि लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आणून दिल्या, त्यामागे हाच अनुभव होता.

नेमबाजीच्या खेळासाठी तरी अशी ताकद हवी का? २०२२ साली कैरो येथे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील १० मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता ठरला. या प्रकारातील लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्यासाठीच्या रायफलींची ऊर्जा साधारण ७.५ ज्यूलच्या आसपासच असते. त्या रायफली स्प्रिंगवर वा गॅस पिस्टनवर नव्हे, आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालतात. अचूकता येते ती समतोलातून.

इतर देशांनी काय केले? जर्मनीत ७.५ ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलवर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर कोरलेले असते. ते चिन्ह असले की प्रौढ व्यक्तीला परवान्याविना ती विकत घेता येते. इंग्लंडमध्ये रायफलची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल आहे. स्कॉटलंडने तर २०१६ च्या अखेरीपासून त्याखालच्या एअरगनलाही परवाना सक्तीचा केला. आपली मर्यादा या दोन्ही देशांपेक्षा सैल आहे आणि शिक्षा अत्यंत कडक. या दोहोंच्या मधली पायरी, म्हणजे मोजमाप, तेवढी सामान्य मालकाच्या आवाक्यात नाही.

ही पायरी बांधणे अवघड नाही. भाजीवाल्याच्या तराजूला वैधमापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का लागतो. तर ज्या आकड्यावर सात वर्षांची कैद अवलंबून आहे, त्याची तपासणी करून देणारी जागा जिल्ह्यात एक तरी असावी. बालेवाडीच्या क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी वेगमापक यंत्र आणि छऱ्यांचा सूक्ष्म काटा ठेवून माफक शुल्कात दाखला देता येईल. विक्रेत्याने सुटा पिस्टन विकताना त्यामुळे किती ऊर्जा मिळते, हे छऱ्याच्या वजनासह लिहून द्यावे. हलक्या छऱ्यावर मोजलेला वेग जाहिरातीत मिरवण्याची पद्धत त्यामुळे आपोआप आळ्यात येईल. मालकानेही सीमेच्या काठावर न जाता १५-१६ ज्यूलवर समाधान मानावे; आणि मोटारीचा गॅसचा दांडा कापून बंदुकीत बसविण्याचा मोह तर मुळीच धरू नये. उच्च दाबाची नळी फुटली तर त्यासमोर चेहरा असतो तो नेम धरणाऱ्याचाच.

रांजणगावसारख्या कारखानदारीच्या गावात हातांचे कौशल्य मुबलक आहे. त्या कौशल्याने एखादा तरुण नकळत गुन्हेगार ठरू नये, एवढी काळजी शासनाने घ्यायला हवी. सीमारेषा कायद्याने आखली आहे. आता ती सामान्य माणसाला दिसेल, अशी व्यवस्था उभी राहायला हवी.